चोरलेला श्वास

आश्लेषा रावला कुणी विचारलं, ‘तुम्ही गाता म्हणजे नेमकं काय गाता?’ की ती सांगायची, ‘ओरडते. पण तालात.’ विचारणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मग ती आणखी एक ठेवून द्यायची, ‘आणि पोट राक्षसांवर चालतं.’

दोन्ही खरं होतं. आठवडाभर ती डबिंगच्या स्टुडिओत बसून मालिकांमधल्या राक्षसांना, चेटकिणींना आणि कार्टूनमधल्या चिडक्या डायनोसॉरना आवाज द्यायची. रविवारी बंगळूरच्या पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत, फत्तेसिंगच्या शेडमध्ये, थंड पडलेल्या मशीनींच्या मधोमध उभी राहून हेवी मेटल गायची. बँडचं नाव ‘लेथ’. फत्तेसिंगच्या शेडमध्ये लेथवर लोखंडी रोलर कातले जायचे, त्यावरून ठेवलेलं. रविवारी कामगार सुट्टीवर, आजूबाजूच्या शेडांना कुलपं, ड्रम कितीही बडवले तरी तक्रार करायला माणूस नाही. अशी जागा मिळायला नशीब लागतं. एरवी घरमालक दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर ठेवतात. या देशाला पहाटेचा भोंगा चालतो, खिडकीखाली तासन्‌तास तुंबलेली वरात चालते, पण कुणी गिटारला हात लावला की संस्कृती बुडते.

फत्तेसिंग ड्रमवर, प्राणेश गिटारवर आणि आश्लेषा माइकवर, हे तिघं कॉलेजपासूनचे. बास वाजवणारा तेवढा बदलत राहायचा, कारण बासवाले लग्न करतात आणि परदेशी जातात. आश्लेषानेही लग्न करून पाहिलं होतं. नवऱ्याला ती स्टेजवर आवडली होती आणि घरात गप्प हवी होती. तिला बाकी काहीही जमलं असतं कदाचित, पण गप्प बसणं नाही. संपलं.

सुरुवातीची वर्षं बेकार होती. ‘बाई असून छान गाता’ म्हणणारे भेटायचे. त्या ‘असून’वर तिने एक अख्खं गाणं लिहिलं. स्टेजवर चढली की माइक लावणारा पोरगा विचारायचा, ‘मॅडम, सिंगर कुठे आहेत?’ ती माइकात तोंड घालून पोटातून असा एक गुरगुराट काढायची की पोरगा वायरीत अडकून पडायचा. तेव्हा ती इंग्रजीत गायची, उसन्या उच्चारांत, जणू तिचे पूर्वज मल्लेश्वरमला नाही तर कुठल्या तरी बर्फाळ देशात जन्मले होते. मग एका रविवारी तिची सटकली. म्हणाली, ‘मला राग येतो तो घरच्या भाषेत येतो. मग गाऊ कशाला दुसऱ्याच्या?’ आणि तिने ‘कीस’ लिहिलं. लेथवर लोखंड कातताना जो चमकता, गुंडाळलेला, हाताला कापणारा कीस पडतो ना, त्यावर. भाषा घरची, म्हणजे तिच्या घरात गेली साडेतीनशे वर्षं कन्नडमध्ये मुरत घातलेली मराठी. एचएसआरसारख्या आयटीवाल्या वस्तीतल्या पुण्या-मुंबईच्या पोरांना अर्धे शब्द कळायचे, कन्नड पोरांना उरलेले अर्धे. गाणं मात्र सगळ्यांना कळलं.

‘कीस’चा शेवट हीच ‘लेथ’ची ओळख झाली. सगळी वाद्यं थांबायची आणि आश्लेषा एकच स्वर धरायची. खरखरीत, फाटका, पोटाच्या तळातून आलेला. समोरचं सगळं पब्लिक तिच्याबरोबर तोच स्वर धरायचं आणि मग लागायची लढत. ज्याचा दम संपला त्याने हात वर करून गप्प बसायचं. एकेक हात वर व्हायचा, दाढीवाले गडी लालबुंद होऊन खाली बसायचे, शेवटी मैदानात एकच आवाज उरायचा. तिचा. मग फत्तेसिंग ड्रमवर असा तुटून पडायचा की पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारायची. ‘दम’ म्हणायचे त्याला. ‘लेथला चाललोय, दम लावायला.’

हा दम तिला कुठल्या परदेशी गायकाकडून मिळाला नव्हता. गणपतीतून मिळाला होता.

मल्लेश्वरमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गणपती बसायचा. आरत्या एकामागून एक चालायच्या, झांजा वाजवून पोरांचे हात दुखायचे, आणि सगळ्यात शेवटी ती आरती यायची, जिच्यात एक स्वर ओढायचा असतो. ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. अख्खा हॉल त्या स्वरावर थांबतो आणि भक्ती गेली उडत, कुणाचा दम आधी संपतो ते बघायचं. काका लोक पडायचे, मामा लोक पडायचे, कॉलेजची पोरं तर आधीच पडायची. शेवटपर्यंत टिकायचे ते आश्लेषाचे वडील, अण्णा. गुरुराज राव, टपाल खात्यातले कारकून, छाती चिमणीएवढी, आवाज असा की हॉलच्या पत्र्याला कापरं भरावं.

लहानपणी तिने ठरवलं होतं, अण्णांना हरवायचं. डोळे घट्ट मिटायची, मुठी आवळायची आणि स्वर धरायची. कानात रक्त वाजायचं, डोळ्यांपुढे काजवे नाचायचे, शेवटी श्वास तुटायचा आणि डोळे उघडून बघते तर अण्णा आहेतच, तोंड उघडं, स्वर चालू, नजर देवावर. दरवर्षी. पुढे ती हजारो लोकांना स्टेजवरून हरवू लागली, मासिकात फोटो आला, परदेशातल्या एका महोत्सवात जाऊन आली, तरी दर गणपतीत घरच्या हॉलमध्ये एका पेन्शनरकडून हरत राहिली. अण्णा त्यावर कधी बोलले नाहीत. फक्त घरी येताना म्हणायचे, ‘स्वल्प लवकर सोडलास, आशी.’ त्या कानडी वळणाच्या ‘स्वल्प’ने तिचा जीव जायचा.

अण्णा तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला यायचे. घडीची खुर्ची काखेत, कानांत कापसाचे बोळे, कपाळावर गंध. पहिल्या रांगेच्या कडेला बसायचे आणि गोंदवलेली पोरं त्यांना पाणी आणून द्यायची.

मग मार्च उजाडला आणि आश्लेषाला न्यूमोनिया झाला.

बरी झाली. डॉक्टर म्हणाले, ‘फुप्फुसं साफ आहेत. पण पूर्वीचा दम जसाच्या तसा परत येईल असं धरून चालू नका. वयही आहे.’ एक्केचाळीस. गाणाऱ्या पुरुषाला या वयात अनुभवी म्हणतात.

जूनमधल्या कार्यक्रमात ‘कीस’चा स्वर मध्येच तुटला. समोर निम्मं पब्लिक अजून गात होतं. तिचा आवाज गेल्यावर तेही गोंधळून गप्प झालं, आणि एवढ्या मोठ्या जागेत जी शांतता पसरली ती तिने आयुष्यात ऐकली नव्हती. जुलैत पुन्हा तेच. कुणीतरी व्हिडिओ टाकला, वर लिहिलं, ‘आंटीचा फ्यूज उडाला’. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. आश्लेषाने तो पुन्हा पुन्हा पाहिला, मग फोन पिठाच्या डब्यात टाकला.

ऑगस्टमध्ये ध्रुव आला. शहराबाहेर, येलहंकाच्या पुढे मोकळ्या मैदानात मोठा मेटल महोत्सव भरवणारा हा पोरगा, मूळचा पुण्याचा, राहायला एचएसआरमध्ये, पायात पांढरे बूट. पीण्यातल्या शेडमध्ये तेलाचे डाग चुकवत, उड्या मारत आत आला.

‘मॅम, क्लोजिंग स्लॉट तुमचाच. शनिवार, गणपतीतला. सनसेट असेल मागे, पाच कॅमेरे. फक्त एक रिक्वेस्ट आहे. तो लास्टचा नोट...’

‘तुटेल म्हणतोस.’

‘नाही नाही, तसं नाही! म्हणजे, रिस्क कशाला? सगळेच करतात, मॅम. स्टुडिओत तुकड्यातुकड्यांत घ्यायचा, जोडायचा, फाइल प्राणेशसरांच्या पायाखालच्या पेडलवर टाकायची. तुम्ही श्वास संपेपर्यंत गा. नंतर तुम्ही लेफ्ट हँड वर करायचा, सर पेडल दाबतील, तुमचाच आवाज पुढे चालू. नोबडी विल नो.’

फत्तेसिंग ड्रमच्या मागून म्हणाला, ‘आम्हाला कळेल की.’

‘तुम्ही तर घरचे.’

‘म्हणूनच,’ फत्तेसिंग म्हणाला आणि काठ्या खाली ठेवल्या.

पुढच्या आठवड्यात आश्लेषा मुकाट्याने स्टुडिओत गेली आणि स्वर तुकड्यांत रेकॉर्ड करून आली. जोडलेला ऐकला तर कुठे सांधा दिसेना. सुंदर होता. मेलेल्या माणसाचा मेकअप करतात तसा सुंदर. तिला दुसऱ्यांदा फ्यूज उडालेली आंटी व्हायचं नव्हतं, एवढीच गोष्ट होती, आणि ही गोष्ट ती आरशातसुद्धा मोठ्याने म्हणू शकत नव्हती.

महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी ती अण्णांना घेऊन मंडळाच्या आरतीला गेली. दारातच शुभदाकाकू भेटल्या. मंडळाच्या अध्यक्ष. पस्तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी पुण्याहून आलेल्या, पण पुणं अजून पदराला बांधून ठेवलेलं.

‘आलीस का? ये. उद्या म्हणे तुझा तो कार्यक्रम?’

‘होय की, काकू. आज स्वल्प घसा सांभाळायचाय, आरती म्हणणार नाही मी.’

‘थोडा घसा, आश्लेषा. थोडा. स्वल्पविराम लिहिण्यात असतो.’

‘काकू, तुमचं पुणं इथून लांब आहे. आठशे किलोमीटर. तिथे जाऊन सुधारा लोकांना.’

‘आगाऊ!’ म्हणत काकूंनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि आरतीचं ताट घेऊन अण्णांच्या शेजारी, नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

आश्लेषा बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती या हॉलमध्ये गात नव्हती. म्हणजे स्वर चालू असताना पहिल्यांदाच तिचे डोळे उघडे राहणार होते.

शेवटची आरती आली. स्वर आला. सगळ्या हॉलने तो उचलला. पोरं पडली, एक जाडगेले काका खोकत पडले. अण्णांचा आवाज वर, सरळ, ताठ. आणि मग तिने पाहिलं. अण्णांचा उजवा खांदा किंचित वर गेला. तोंड तसंच उघडं, नजर देवावर तशीच, पण आवाज नव्हता! श्वास घेत होते! भर स्वरात, राजरोस! आणि त्याच क्षणी शेजारी शुभदाकाकूंचा आवाज फुगला, अण्णांची जागा भरून निघाली, कुणाच्या कानाला कळलंसुद्धा नाही. अण्णा स्वरात परत आले तशा काकू आवाजाने खाली उतरल्या, ताटाआड तोंड नेऊन त्यांनीही एक घोट हवा घेतली. तोवर मागच्या कुणा जोशीचा आवाज वर आला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. शेजारणी गॅलरीतून वाटी देतात-घेतात तसा तो स्वर या तोंडातून त्या तोंडात जात होता, आणि हॉलमध्ये मात्र एकच सलग आवाज.

तीस वर्षं. तीस वर्षं ती मुठी आवळून, काजवे बघत, एका सबंध टोळीशी एकटी लढत होती.

आरती संपली. खिरापतीच्या रांगेत तिने अण्णांना गाठलं.

‘अण्णा, तुम्ही श्वास घेतलात.’

‘घेतला. जिवंत माणूस आहे मी.’

‘मध्ये घेतलात! स्वर चालू असताना!’

‘मग केव्हा घेऊ? सगळं झाल्यावर? तोवर मरेन की.’

‘मला दरवर्षी हरवलंत ते चोरी करून?’

अण्णांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. ‘हरवलं? कुणी? शर्यत लावली कोणी होती, आशी? तूच आपली डोळे मिटून सुसाट सुटायचीस. मला वाटायचं, पोरीला हौस आहे, पळू दे.’

‘आणि काकू, तुम्ही सामील!’

‘सामील काय गं?’ शुभदाकाकू तडकल्या. ‘यांचा खांदा उचलला की मी धरायचं, एवढंच. कुणी ठरवलंय थोडंच! स्वर तुटू नये, बस्स. कुणी किती ओढला याचं काय लोणचं घालायचंय?’

‘देव काय घड्याळ लावून बसलाय?’ अण्णा म्हणाले आणि दुसऱ्यांदा खिरापत मागायला गेले.

आश्लेषा चिडून बाहेर पडली. आठव्या क्रॉसच्या बाजाराच्या गर्दीतून, फुलवाल्यांना आणि गाजराच्या ढिगांना धक्के देत चालत राहिली. तिला अण्णांचा राग आला होता, काकूंचा आला होता, त्या जोशीचाही आला होता. पण निम्म्या रस्त्यात तिच्या लक्षात आलं की खरा राग कशाचा आहे. उद्या ती स्वतः काय करणार होती? अण्णांनी निदान जिवंत माणसाच्या आडून श्वास चोरला होता. ती पेडलच्या आडून चोरणार होती.

तिने तिथेच उभं राहून प्राणेशला फोन लावला.

‘पेडलवरची फाइल काढून टाक.’

‘आशी, डोकं ठिकाणावर आहे का? पाच कॅमेरे आहेत. पडलीस तर?’

‘पडते. माझ्या स्वतःच्या तोंडाने पडते. घरात एक चोर आहे तो पुरे.’

‘कोण चोर?’

‘नंतर सांगते. काढ ती.’

प्राणेशचा आवाज एकदम हलका झाला. ‘सरी, काढतो. मला पण त्या पेडलची शिसारी येत होती.’

शनिवारी मैदान भरून गेलं होतं. काळे टी-शर्ट, धूळ, घाम, जनरेटरचा धूर. पहिल्या रांगेच्या कडेला अण्णांची घडीची खुर्ची होतीच. शेजारी दुसरी खुर्ची, आणि तिच्यात शुभदाकाकू! मोतिया रंगाची साडी, मांडीवर पर्स, कानांत अण्णांनी दिलेला कापूस. अण्णांचा नेहमीचा रिक्षावाला आला नाही म्हणून काकूंनीच गाडी काढली होती, आणि ‘बघूया तरी हा गोंधळ एकदा’ म्हणून थांबल्या होत्या. मागे अंगभर गोंदवून घेतलेला एक आडदांड गडी त्यांना वारा घालत होता.

‘आज्जी, घाबरू नका हं, धक्काबुक्की होते.’

‘तू घाबरू नकोस,’ काकू म्हणाल्या. ‘मी तुळशीबागेत दिवाळीची खरेदी केलेली बाई आहे.’

आश्लेषा स्टेजवर आली आणि पहिल्या ठोक्याला तिचं भय पळालं. हेच ते सुख होतं, ज्यासाठी वीस वर्षं राक्षसांची चाकरी केली. फत्तेसिंगच्या दोन्ही पायांनी छातीत घोडे सोडलेले, प्राणेशची गिटार पत्रा फाडावा तशी, आणि तिच्या पोटातून उठून नरड्याला घासत बाहेर पडणारा तो काळा, जाड, आनंदी आवाज. लोकांना वाटतं हे गाणं रागाचं आहे. आहेच. पण राग असा तालात बाहेर पडला की त्याच्याइतकी मजा कशातच नाही. तिने ‘असून’ गायलं तेव्हा समोरच्या पोरी खांद्यांवर चढून बोंबलत होत्या. सूर्य मावळतीला टेकला होता. शेवटी ‘कीस’ आलं.

वाद्यं थांबली. तिने स्वर धरला. मैदानाने धरला.

पहिले हात वर झाले. मग आणखी. जुलैतला व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला होता, ते तिला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. काही जण गाता गाता तिच्या तोंडाकडे बघत होते, पूल कधी कोसळतो ते बघायला जमतात तसे. छातीच्या तळाशी हवा संपत आली. बरगड्या आत ओढल्या गेल्या. डाव्या हाताला तालमीतल्या सवयीने वर जायचं होतं, तिने तो मांडीवर दाबून धरला. पेडल नव्हतं. काहीच नव्हतं. मैदानात अजून निम्मे लोक गात होते आणि ती संपली होती.

यावेळी डोळे उघडे होते म्हणून तिला अण्णा दिसले. ते खुर्चीवरून उठले होते. तोंड उघडं, स्वर चालू, नजर तिच्यावर. आणि त्यांनी आपला उजवा खांदा किंचित वर उचलला.

घे.

शुभदाकाकूंनाही तो खांदा दिसला. पस्तीस वर्षांची सवय. त्या ताडकन उभ्या राहिल्या, पर्स मातीत पडली, आणि त्यांच्या नरड्यातून जो स्वर निघाला तो मंडळाच्या हॉलच्या मापाचा नव्हताच. जवळच्या चार-दोन पोरांनी दचकून बघितलं आणि त्याच झटक्यात त्यांनीही आवाज चढवला.

आश्लेषा थांबली. माइक तोंडापुढून हलवला नाही, मान वळवली नाही. होती तिथेच, पाच कॅमेऱ्यांच्या समोर, तिने श्वास घेतला. चोरून नाही. घसाघसा, मोठ्याने, विहिरीतून वर आलेल्या माणसासारखा. तो ‘हाऽऽ’ स्पीकरांमधून अख्ख्या मैदानावरून गेला.

आणि स्वर तुटला नाही. काकूंनी धरला होता, अण्णांनी धरला होता, आता त्यांच्या मागच्या रांगेने धरला. मैदानाला हे काय चाललंय ते कळायला एक क्षण लागला. मग ज्यांनी हात वर करून हार मानली होती त्यांनी ते खाली घेतले, श्वास भरला आणि परत शिरले. तो आडदांड गडी शिरला. खाली बसलेले दाढीवाले उठून शिरले. या कोपऱ्यात आवाज पडला की त्या कोपऱ्यात फुगत होता. आश्लेषा भरल्या छातीने परत वर चढली तेव्हा तिच्या खाली हजारो नरड्यांची जमीन होती आणि तिला वाटलं, आता हवं तितका वेळ. आता रात्रभर. ती गाताना हसू लागली, आणि हसताना असला स्वर टिकत नाही हा नियमसुद्धा त्या संध्याकाळी मोडला. ती पुन्हा थांबली, पुन्हा श्वास घेतला, मैदानाने तिला पुन्हा झेललं. कोण कुणाला हरवतंय हे बघायला कुणी उरलंच नव्हतं. शेवटी फत्तेसिंगलाच राहवेना, तो ओरडला, ‘अक्का, मी घुसतो आता!’ आणि ड्रमवर तुटून पडला.

पुढचं काय सांगायचं! धूळ उठली. पोरं उडत होती. अण्णांची घडीची खुर्ची लोकांच्या डोक्यांवरून तरंगत मागे निघून गेली.

स्टेजमागे ध्रुव धावत आला. पांढरे बूट मातीने बरबटले होते आणि त्याला पत्ता नव्हता.

‘मॅम! वेडेपणा! ट्रॅकपेक्षा भारी! फक्त तो एक श्वासाचा आवाज आहे ना, तो आपण एडिटमध्ये क्लीन करून टाकू.’

आश्लेषाचा आवाज बसला होता. जेवढा उरला होता तेवढ्यात ती म्हणाली, ‘त्याला हात लावलास तर तुला लेथवर धरीन.’

श्वास राहिला. लोकांनी तोच तुकडा कापून सगळीकडे फिरवला. खाली कुणीतरी लिहिलं, ‘आंटीने फ्यूज बदलला’. तिने फोनच्या कडांत अजून अडकलेलं पीठ पुसून ते वाचलं आणि पहिल्यांदा ‘आंटी’ या शब्दाला हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळात आरती होती. अण्णा, शुभदाकाकू आणि आश्लेषा, तिघंही एका रांगेत उभे, आणि तिघांचेही घसे ठार बसलेले. काकूंनी प्रसादाची घोषणा हातवारे करून केली. लोकांना वाटलं, मौन व्रत आहे.

शेवटची आरती आली. स्वर आला. मंडळी सवयीने अण्णांकडे बघू लागली. अण्णांनी तोंड उघडलं. आवाज शून्य. काकूंनी उघडलं, शून्य. आश्लेषाने उघडलं, त्यातून फक्त वारा आला. तिघं तशीच, तोंडं उघडी टाकून, देवाकडे बघत उभी राहिली.

आणि हॉलने स्वर उचलला. जोशी वर गेला, जाडगेले काका खोकता खोकता वर गेले, पोरंटोरं गेली. स्वर पत्र्याला जाऊन भिडला आणि तिथेच राहिला, लांबच लांब.

अण्णांनी तिच्या कानाशी तोंड आणलं. घशातून कशीबशी फुसफुस निघाली.

‘आज तरी टिकलीस.’

‘स्वल्प,’ आश्लेषा पुटपुटली.

पलीकडून शुभदाकाकूंनी डोळे वटारले, तोंड उघडलं, बोट वर केलं. सुधारायला आवाजच नव्हता. आश्लेषाला हसू आवरेना.